दुसरी तार कुठे होती?

शाळेत विजेचा पहिला धडा असा असतो: बॅटरीच्या एका टोकातून निघालेला प्रवाह फिरून दुसऱ्या टोकाला पोचला, तरच दिवा लागतो. जायला एक तार आणि यायला एक तार लागते. वर्तुळ तुटलं की सगळं थांबतं.

आता रेल्वेच्या कडेने तारांचे खांब उभे होते तो काळ आठवा. भुसावळहून खंडव्याकडे निघालं की डाव्या हाताला सातपुडा आणि उजव्या हाताला तापीचं सपाट खोरं, मध्ये रावेर. खिडकीबाहेर खांबांमागून खांब पळत, खांबांवर चिनीमातीच्या पांढऱ्या वाट्या आणि त्यांना बांधलेल्या उघड्या तारा. तारा पुष्कळ असत, पण त्या जोडीजोडीने वाटलेल्या नव्हत्या. टकटक करणाऱ्या जुन्या तारयंत्राच्या वाट्याला एकच तार येई. बातमी घेऊन गेलेला प्रवाह परत यायचा तो जमिनीतून. दोन्ही टोकांना यंत्राचं एक टोक तारेला जोडलेलं आणि दुसरं जमिनीत खोल पुरलेल्या धातूच्या पत्र्याला. मधली सव्वाशे किलोमीटर काळी माती, नद्या-नाले, केळीच्या बागा हीच दुसरी तार.

माती वीज नेते, पण फार वाईट नेते. लोखंडाशी तुलना केली तर ओली काळी मातीसुद्धा कोट्यवधी पटींनी नालायक ठरते. मग हे जमत कसं होतं?

हिंदुस्थानात हे कोडं ज्याने पहिल्यांदा अंगावर घेतलं, आणि अक्षरशः अंगावर घेतलं, तो इंजिनिअर नव्हता, डॉक्टर होता. विल्यम ब्रुक ओशॉनेसी. जन्म १८०८, आयर्लंडमधलं लिमरिक. एडिंबरातून डॉक्टर झाला आणि दोनच वर्षांत, १८३१ मध्ये, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर पटकीची साथ आली तिथे जाऊन पोचला. इतर डॉक्टर पटकीच्या रोग्यांचं रक्त काढत होते, कारण तेव्हा जवळपास प्रत्येक रोगावर तोच उपाय होता. ओशॉनेसीने ते रक्त तपासलं. त्यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेत असं त्याला दिसलं, आणि त्याने लिहिलं की जे गेलंय ते परत द्या. पुढच्याच वर्षी टॉमस लॅटा नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने खरंच शिरेतून मिठाचं पाणी दिलं आणि मरणपंथाला लागलेले काही रोगी उठून बसले. आज कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात खाटेशेजारी सलाईनची बाटली लटकते, तिची वंशावळ इथून सुरू होते. ते रक्त तपासलं तेव्हा तो जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा होता. इतक्यावर थांबला असता तरी वैद्यकाच्या इतिहासात त्याला जागा होती.

पण लंडनमध्ये त्याला दवाखाना थाटण्याचा परवाना मिळेना, म्हणून १८३३ मध्ये कंपनी सरकारची नोकरी धरून तो कलकत्त्याला आला. तिथल्या नव्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला. मधल्या काळात त्याने गांजावर पद्धतशीर प्रयोग केले, धनुर्वाताच्या रोग्यांच्या झटक्यांवर तो वापरून पाहिला आणि युरोपच्या डॉक्टरांना या औषधाची ओळख करून दिली. हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण या माणसाला एका जागी बसवत नसे हे कळायला एवढं पुरे.

१८३९ च्या उन्हाळ्यात त्याने कलकत्त्याच्या वनस्पतीउद्यानात बांबू रोवले आणि त्यांवरून लोखंडी तार इकडून तिकडे, तिकडून इकडे अशी ओढत नेली. एकूण लांबी एकवीस मैल. हे वर्ष लक्षात घ्या. इंग्लंडमध्ये कुक आणि व्हीटस्टन यांची पॅडिंग्टनहून निघालेली तेरा मैलांची तार त्याच वर्षी चालू होत होती. अमेरिकेत मोर्सची वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार यायला अजून पाच वर्षं होती. आणि हुगळीकाठी एक रसायनशास्त्राचा प्राध्यापक स्वतःच्या हिमतीवर एकवीस मैल तार ताणून बसला होता.

त्याचं यंत्र तर फारच अजब. दोन्ही टोकांना एकाच वेगाने चालणारी दोन घड्याळं, त्यांच्या तबकड्यांवर अक्षरं. पाठवणारा काटा हव्या त्या अक्षरावर आला की झटका सोडणार. घेणारा तारेवर बोट ठेवून बसलेला. झटका बसला त्या क्षणी आपल्या घड्याळाचा काटा कुठे आहे ते बघायचं आणि अक्षर लिहायचं. ना सुई, ना घंटा, ना कागदाची पट्टी. माणसाचं बोट हेच यंत्र. (आपल्याकडे सुतार-लोहारापासून वायरमनपर्यंत ‘हात लावून बघतो’ म्हणणाऱ्यांची परंपरा मोठी आहे, हा त्यांचा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही.)

पण मला या प्रयोगातली दुसरी गोष्ट जास्त थक्क करते. वर्तुळाचा एक भाग म्हणून त्याने तारेऐवजी हुगळी नदी वापरली, सुमारे सात हजार फूट. तार पाण्यात सोडायची, पलीकडे पाण्यातून उचलायची, मधे नुसतं वाहतं पाणी. आणि झटका बोटाला बसत होता.

आदल्याच वर्षी जर्मनीत श्टाइनहाइल नावाचा शास्त्रज्ञ वेगळ्याच वाटेने याच ठिकाणी आला होता. तारांचा खर्च वाचावा म्हणून त्याने रेल्वेचे दोन रूळच दोन तारा म्हणून वापरून पाहिले. प्रयोग फसला, कारण वीज एका रुळातून मातीत उतरून दुसऱ्या रुळात पोचे आणि पुढच्या स्टेशनापर्यंत काही जात नसे. दुसऱ्या कुणी वैतागून सोडून दिलं असतं. श्टाइनहाइल म्हणाला, जमीन इतक्या आनंदाने वीज नेत असेल, तर दुसरी तार हवीच कशाला?

मातीचा कण न् कण वीज अडवतो हे खरं, पण माती काही बोटाएवढ्या जाडीची नसते. तारेतला प्रवाह लोखंडाच्या बारीक गजात कोंडलेला असतो. जमिनीत शिरलेला प्रवाह मात्र पत्र्यापासून सगळीकडे फाकतो, खाली, बाजूंना, वाकडातिकडा. दोन पावलं पुढे गेला की त्याला आधीपेक्षा कितीतरी रुंद वाट मिळते. आणखी पुढे गेला की त्याहून रुंद. त्यामुळे सगळी अडचण असते ती पत्र्याच्या अगदी जवळ, जिथे वाट अजून अरुंद आहे तिथे. हिशेब केला तर चकित व्हायला होतं: जमिनीत अर्धा मीटर त्रिज्येचा धातूचा अर्धगोल पुरला, तर जमिनीच्या एकूण विरोधातला निम्मा भाग पहिल्या अर्ध्या मीटर मातीत संपतो आणि सुमारे नव्वद टक्के पहिल्या पाच मीटरांत. पुढचे सव्वाशे किलोमीटर जवळजवळ फुकट!

हेच आकड्यांत घालू. ओल्या काळ्या मातीत अशा एका पत्र्याचा विरोध तीन-चार ओहम भरतो, दोन्ही टोकांचा मिळून सहा-सात. भुसावळ ते खंडवा चार मिलिमीटर जाडीची लोखंडी तार ओढली तर तिचा विरोध साधारण हजार ओहम. म्हणजे परतीसाठी दुसरी तार लावली असती तर लोखंड दुप्पट, खांबांवरचं ओझं दुप्पट आणि विरोधही दुप्पट झाला असता. जमीन सहा-सात ओहमांत तेच काम करत होती. आणि अंतर दुप्पट केलं तरी ते सहा-सातच राहतात. जवळच्या आणि लांबच्या गावाला जमीन एकच भाडं लावते.

अट एवढीच की पत्र्याभोवतीची पाच मीटर माती ओली हवी. नवं घर बांधलं की इलेक्ट्रिशियन अर्थिंगचा खड्डा करून त्यात कोळसा आणि मीठ घालतो आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत जा म्हणून बजावतो, त्यामागे हेच गणित आहे. रावेर-यावलच्या पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याशी तापीने आणून टाकलेला गाळ शेकडो मीटर जाड आहे. दख्खनच्या काळ्या कातळापेक्षा असा ओला गाळ विजेला किती तरी मोकळा. केळीसाठी आपण याच गाळातलं पाणी इतकं उपसलंय की आता विहिरींचे तळ दिसतात. तारघर आज चालू असतं तर त्याचा पत्रा आणखी खोल पुरावा लागला असता.

कलकत्त्याचा प्रयोग छापून आला, चार लोकांनी वाहवा केली आणि सरकार झोपी गेलं. दहा वर्षं काही घडलं नाही. मग डलहौसी गव्हर्नर-जनरल झाला. त्याच्याबद्दल आपलं मत काय आहे ते सातारकर आणि नागपूरकर चांगलं सांगतील, पण तारेचं महत्त्व त्याला एका झटक्यात कळलं, आणि का कळलं तेही उघड आहे. १८५१ मध्ये कलकत्त्याहून समुद्राच्या दिशेने डायमंड हार्बरकडे तार सुरू झाली. तिच्यासाठी वापरलेली ‘तार’ म्हणजे पाऊण-एक सेंटिमीटर जाडीच्या लोखंडी सळया, मैलाला जवळजवळ एक टन. युरोपातल्या बारीक तारा इथे टिकणार नाहीत हे ओशॉनेसीला ठाऊक होतं. इथे तारेवर घारी बसणार, माकडांच्या टोळ्या झोके घेणार, वादळं येणार, खांबांना वाळवी लागणार. गज जाड असला की तो खांबावरून खाली पडला तरी तुटत नाही, आणि विरोध कमी असल्याने थोडी गळती झाली तरी संदेश पोचतो. परदेशी यंत्र जसंच्या तसं आणण्यापेक्षा इथल्या हवेला आणि माकडांना विचारून त्याने नवं यंत्र बनवलं. पुढे मोर्सचं यंत्र आलं तेव्हा ते अधिक चांगलं आहे हे मान्य करून स्वतःचं बाजूला ठेवण्याइतका मोठेपणाही त्याच्यात होता. शोधकांमध्ये हा गुण विरळा.

या कामात शिवचंद्र नंदी हा त्याचा बंगाली सहकारी होता. पद्मा नदीच्या तळाशी सात मैल केबल टाकायची होती, केबल टाकणारं जहाज परवडेना, तर नंदींनी कोळ्यांच्या होड्या भाड्याने घेऊन ती टाकली. तारेच्या गोष्टींत साहेबाचं नाव आधी येतं आणि अशी माणसं मागे राहतात, म्हणून हे इथे मुद्दाम लिहितो.

१८५३ च्या नोव्हेंबरात मोठं काम सुरू झालं. १८५४ च्या मार्चमध्ये कलकत्ता आग्र्याशी जोडलं गेलं. आग्र्याहून ग्वाल्हेर, इंदूर करत, सेंधव्याचा घाट उतरून, खानदेशातून आग्रा रस्त्याच्या कडेने तार मुंबईला आली, आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये ती सामान्य लोकांसाठी खुली झाली. दर होता चारशे मैलांपर्यंत सोळा शब्दांना एक रुपया. रेल्वेचा थळ घाट १८६५ मध्ये खुला झाला. म्हणजे मुंबईहून खानदेशात आगगाडी येण्याआधी जवळजवळ दहा वर्षं वीज इथून धावत होती. ज्या रस्त्यावरून बैलगाड्या दिवसाला सात-आठ कोस जात, त्याच रस्त्याच्या कडेने.

दोन वर्षांनी वरसईचे गोडसे भटजी बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघाले आणि सत्तावनच्या वणव्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ वाचताना एक गोष्ट जाणवते: बातमी त्यांच्याकडे माणसाच्या तोंडून येते, सराईतल्या गप्पांतून, घाबरलेल्या वाटसरूकडून. तिकडे ११ मे १८५७ ला दिल्लीच्या तारघरातून दोन पोरसवदा तारवाल्यांनी अंबाल्याला खबर धाडली आणि पंजाबातले इंग्रज सावध झाले. एकाच देशात बातमीचे दोन वेग एकाच वेळी चालू होते, आणि कुणाच्या हातात कुठला वेग आहे यावर पुष्कळ काही ठरत होतं.

हे तात्या टोप्यांनाही उमगलं होतं. नोव्हेंबर १८५८ मध्ये नर्मदेच्या दक्षिणेला, सातपुड्याच्या पलीकडच्या अंगाला, ठिकरीजवळ त्यांच्या फौजेने आग्रा रस्ता ओलांडला. मालाच्या गाड्या पकडल्या आणि तारायंत्राच्या तारा तोडल्या. तार तोडणं सोपं असतं, कारण ती वर असते आणि दिसते. जमिनीतली दुसरी तार मात्र कुणालाच तोडता येत नाही.

पण जमिनीला जोडून घेण्याचा एक गमतीदार धोका १८५९ मध्ये जगाला कळला. सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्यावर प्रचंड स्फोट झाला आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हादरलं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या नोंदीत २ सप्टेंबरला चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरलेलं आहे. त्या वादळाची जगातली ही एक अत्यंत मोलाची नोंद, शास्त्रज्ञ आजही ती काढून तपासतात. क्षेत्र असं हलतं तेव्हा जमिनीत आपोआप प्रवाह वाहू लागतात, आणि दोन्ही टोकं जमिनीत असलेली लांबच लांब तार ते प्रवाह आयते उचलते. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारवाल्यांनी बॅटऱ्या काढून टाकल्या आणि काही वेळ नुसत्या जमिनीतून आलेल्या विजेवर एकमेकांशी बोलत राहिले. सूर्याने पाठवलेली तार, असंच म्हणायचं.

त्या कुलाबा वेधशाळेचं पुढे काय झालं हेही याच गोष्टीत येतं. मुंबईत विजेवरच्या ट्रामगाड्या येणार असं ठरलं. ट्रामचा प्रवाह रुळांतून परत येतो आणि त्यातला काही मातीत पाझरतो. तेवढ्यानेही चुंबकाच्या नाजूक सुया चळल्या असत्या. म्हणून चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली, १९०४ पासून. अलिबागच्या समुद्रकाठच्या त्या शांत इमारतींचं मूळ कारण म्हणजे मुंबईच्या जमिनीतली भटकी वीज.

ओशॉनेसी १८६० मध्ये हिंदुस्थान सोडून गेला. पाठोपाठ नावही बदललं: आडनाव ब्रुक झालं. १८८९ मध्ये तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वारला. सलाईनवाल्यांना तो एका कामासाठी माहीत, तारवाल्यांना दुसऱ्या, आणि हे दोन्ही एकच गृहस्थ हे बहुतेकांना माहीत नाही. त्याला स्वतःला त्याचं फार वाईट वाटलं असेल असं मला वाटत नाही.

त्याने सोडलेल्या जाळ्याने मग स्वतःचा संसार मांडला. १८६५ मध्ये इराणच्या आखातातल्या केबलवाटे हिंदुस्थान युरोपशी जोडला गेला. नेमकं त्याच वर्षी अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, लिव्हरपूलचा कापसाचा भाव कोसळला आणि मुंबईचा शेअर बाजार जुलैत झोपला. चार वर्षं कापसाच्या सोन्याच्या भावावर तरंगणाऱ्या खानदेशच्या शेतकऱ्याने लंकाशायर कधी पाहिलं नव्हतं, पण तिथल्या भावाशी त्याची गाठ पक्की बांधली गेली ती इथून. १८७० मध्ये भुसावळ-खंडवा मार्गाने जाणारी मुंबई-कलकत्ता रेल्वे जबलपूरला पुरी झाली आणि स्टेशनास्टेशनावर तारयंत्र बसलं. पुढची गाडी सोडायची तर आधी पुढच्या स्टेशनाकडून ‘लाइन क्लिअर’ मिळायला हवी, हा नियम तारेशिवाय अशक्य होता. गावात तार आली की लोक आधी रडत आणि मग वाचत, तो काळ नंतरचा. तसंच पोस्टातल्या छापील शुभेच्छांचे नंबर: लग्नाला जमत नसेल तर आठ नंबर सांगायचा, म्हणजे दीर्घ आणि सुखी वैवाहिक आयुष्याच्या शुभेच्छा एका आकड्याच्या भावात जात. कडकट्ट-कट्ट करत एक आकडा.

१४ जुलै २०१३ च्या रात्री सरकारी तार सेवा बंद झाली. त्या दिवशी तारघरांपुढे रांगा लागल्या, आयुष्यात कधी तार न केलेल्या पोरांनी स्वतःलाच तारा केल्या आणि वर्तमानपत्रांनी हळवे लेख लिहिले.

रुळांकडेच्या उघड्या तारांचा शेवट मात्र मोबाइलने केला नाही, तो विजेच्या इंजिनांनी केला. वरच्या तारेतून २५,००० व्होल्टची वीज घेणारं सहा हजार अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात असलं की सुमारे दोनशे अँपिअर ओढतं, जुन्या तारयंत्राच्या प्रवाहाच्या जवळजवळ दहा हजार पट. हा प्रवाह परत जातो रुळांतून, आणि त्यातला काही भाग रूळ सोडून खालच्या मातीत उतरतो, अगदी श्टाइनहाइलला दिसला होता तसा. पण हा प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलतो, आणि त्यामुळे शेजारून जाणाऱ्या प्रत्येक लांब तारेत आपोआप व्होल्टेज तयार होतं. दोन्ही टोकं जमिनीत असलेल्या उघड्या तारेला ते सोसत नाही: यंत्र चुकीचं वाजतं, हात लावणाऱ्याला झटका बसतो. त्यामुळे जिथे जिथे विजेची गाडी आली तिथे तिथे खांबांवरच्या तारा उतरवून कवच घातलेल्या केबली जमिनीत पुराव्या लागल्या, आणि त्या केबलींमध्ये प्रत्येक जोडणीला दोन तारा असतात.